धाकटीच्या मागोमाग तीन परमिट रूम

कोल्हापुरात ‘कॉकटेल’ मागितलं की उंच ग्लासातून आईस्क्रीम येतं. वर फळांचे तुकडे, लालहिरवी जेली, काजू आणि लांब दांड्याचा चमचा. त्यामुळे धाकट्या बहिणीनं, रंजनानं, फोनवर सांगितलं की ती दर शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांना ‘कॉकटेल फिरवून आणते’, तेव्हा मला वाटलं की बाई आईस्क्रीमची दुकानं दाखवत असेल. मी बरं म्हटलं आणि विसरून गेले.

ही २००६ सालची गोष्ट. तोवर मी नऊ देशांची प्रवासवर्णनं लिहिली होती. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच फोन करायचे. पुण्यात एका वाचनालयात माझं व्याख्यान झालं, आणि ते संपल्यावर मुग्धा नावाची एक तरुण मुलगी पुढे आली. मी पिशवीतून पेन काढलं, सही मागेल म्हणून. तिनं विचारलं, “तुम्ही कोल्हापूरच्या रंजनाताईंच्या बहीण ना?” ती आणि तिची मैत्रीण पुढच्या शनिवारी कोल्हापूरला चालल्या होत्या. कॉकटेल म्हणजे खरंच कॉकटेल होतं. गल्लीबोळांत लपलेल्या परमिट रूम, एका खेपेला सहाच माणसं, आणि दोन महिने आधी नाव नोंदवावं लागत होतं.

पेन मी परत पिशवीत टाकलं. रात्री रंजनाला फोन करून विचारलं की त्याच शनिवारी एखादी जागा आहे का. ती म्हणाली, “तुला कशाला जागा पायजे, आक्का? तू ये की नुसती.” ते ‘नुसती’ मला लागलं. मी म्हटलं, मी इतर पाहुण्यांसारखीच येईन, सगळे नियम पाळून. खरं तर मला बघायचं होतं की तिला हे कितपत जमतं. फारसं जमत नसावं, अशी माझी मनोमन इच्छा होती, हेही इथं लिहून टाकते.

शाहूपुरी

रंजनाच्या नवऱ्याचं शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान आहे. पाच वाजता आम्ही त्याच्यासमोर जमलो. बोरिवलीचं एक जोडपं होतं, मुग्धा आणि तिची मैत्रीण होती, मी होते, आणि बेळगावचे हिरेमठ म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर. कपाळावर विभूतीचे पट्टे. हिरेमठांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की ते थेंबही घेत नाहीत, मुलीनं वाढदिवसाला ही सहल भेट दिली म्हणून आले. रंजनानं प्रत्येकाच्या हातात पिण्याचा एका दिवसाचा परवाना ठेवला. माझ्या परवान्यावर माझं संपूर्ण नाव तिच्या ठसठशीत अक्षरात होतं.

मग तिनं बोलायला सुरुवात केली आणि मी चकितच झाले. आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पुण्याला सासरी गेल्यावर पहिल्या महिन्यात मला सगळे हसले, तेव्हापासून मी ‘आले, गेले’ म्हणायला शिकले आणि पुढे तेच खरं वाटायला लागलं. रंजना पाहुण्यांसमोर बेधडक म्हणत होती, “मी फुडं चालतो, तुमी माझ्या मागनं या.” कोणी हसलं नाही. बोरिवलीच्या बाईंनी तर नवऱ्याच्या कानात सांगितलं की किती गोड बोलतात या.

टायरच्या दुकानाशेजारून एक बोळ आत जातो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागेल एवढाच. टोकाला लोखंडी जिना, वर चार टेबलांची खोली, खाली पाटी नाही. दारातच स्टुलावर एक जुना टाइपरायटर ठेवलेला. मालकाच्या आईला दारूचा वासही खपायचा नाही, म्हणून वर आपला टायपिंगचा क्लास आहे असं त्यानं तिला सांगितलं होतं. ती जिना चढायला लागली की मालक दोन बोटांनी टाइपरायटर बडवायचा. गिऱ्हाइकं ग्लास टेबलाखाली घेऊन शुद्धलेखन ऐकल्यासारखी ताठ बसायची. हे सगळं रंजनानं आवाजासकट करून दाखवलं. म्हातारीची धाप, टाइपरायटरची टकटक, गिऱ्हाइकांचे चेहरे. मालक स्वतः काउंटरमागे उभा राहून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा हसत होता.

पेय चांगलं होतं. जिनमध्ये आमसुलाचं पाणी, भाजलेलं जिरं आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. पहिल्या घोटाला आंबट, दुसऱ्याला जाळ. सोबत कांदा घातलेलं भडंग. सगळे वाहवा करत होते. मी घसा साफ केला आणि सांगायला लागले की परदेशात एका शहरात पुस्तकांच्या कपाटामागे असाच एक बार आहे, एक ठरावीक पुस्तक ओढलं की कपाट सरकतं. मी हे एका अंकात लिहिलंय आणि वाचकांना ते फार आवडलं होतं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मी पुस्तकापर्यंत पोचले तेवढ्यात मुग्धानं रंजनाकडे वळून विचारलं, “मग त्या आजींना शेवटपर्यंत कळलं नाही का?”

“कळलं हुतं की,” रंजना म्हणाली. “मरताना पोराला म्हणाली, आता तरी टायपिंगची परीक्षा दे.”

त्या हशात माझं कपाट सरकायचं राहून गेलं.

लहानपणी हे असं नव्हतं. पाहुणे आले की पुढे उभं करायचे ते मला. आमचे वडील, आबा, साखर कारखान्यात केमिस्ट होते. ते मला पहाटे पाचला उठवायचे, स्वतः चहा करून द्यायचे आणि समोर बसून उत्तरं म्हणून घ्यायचे. रंजना तेव्हा झोपलेली असायची. तिला कोणी उठवत नसे, कारण तिच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. मी बोर्डात आले. वर्तमानपत्रातला माझा फोटो आबांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला. रंजना कशीबशी बी.ए. झाली आणि चार गल्ल्या पलीकडे दिली गेली. आणि आता सहा माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसली होती.

लक्ष्मीपुरी

आम्हाला नेणारी सुमो गाडी लक्ष्मीपुरीत थांबली तेव्हा व्यापाऱ्यांची दुकानं मिटायला लागली होती. रंजनानं आम्हाला एका गुळाच्या वखारीतून आत नेलं. दोन्ही बाजूंना गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, छातीएवढे रचलेले, पायाखाली चिकट फरशी, आणि असा गोड वास की बोरिवलीचे गृहस्थ फोटो काढायचे थांबून नुसता श्वास घेत राहिले. वखारीच्या मागच्या दारातून उतरलं की तात्यांची परमिट रूम. तात्या सत्तरीचे, टोपी घातलेले. त्यांनी सगळ्यांना “या पावणं” केलं आणि काही न विचारता पाच ग्लास मांडले, हिरेमठांसाठी एक वेगळा.

“हितं कार्डावर न्हाय ते मागायचं,” रंजना म्हणाली. “म्हणायचं, एक लॅब द्या.”

लॅब म्हणजे काळी रम, गुळाचा पातळ पाक, आल्याचा रस, लिंबू आणि वरून सोडा. ते एका साहेबांनी बसवलंय, असं तिनं सांगितलं. साहेब साखर कारखान्यात केमिस्ट होते. रिटायर झाल्यावर दर शनिवारी इथं यायचे आणि एकच ग्लास घ्यायचे. तात्यांनी पाक अंदाजानं ओतलेला त्यांना चालायचा नाही, म्हणून त्यांनी लॅबमधली काचेची मापाची नळी आणून दिली. तीन महिने, दर शनिवारी, पाक दोन मिली कमी, लिंबू एक मिली जास्त, असं चाललं होतं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी साहेबांनी बुशशर्टच्या खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. आल्याचा रस फार झाला होता म्हणून की आनंदानं, ते कुणाला कळलं नाही.

सगळे मान डोलावत होते. हिरेमठांनी आपली सोडा-लिंबाची चव पुन्हा एकदा मन लावून घेतली. आणि मला राहवलं नाही. एकीकडे ती गोष्ट चांगली होती, आणि दुसरीकडे मला स्वच्छ दिसत होतं की हिनं आमच्या आबांची नोकरी उचलून एका दारूच्या ग्लासाला चिकटवली आहे. लोकांना गोष्ट हवी, म्हणून बापही विकायचा. मी सगळ्यांसमोर, व्याख्यानात बोलते त्या आवाजात म्हणाले, “रंजना, गोष्ट रचायची तर निदान घरातला माणूस वापरू नये. आमचे वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्यांनी जन्मात थेंबाला स्पर्श केला नाही. ते मला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचे, शेवटच्या महिन्यापर्यंत. त्यांचं काही माझ्यापासून लपलेलं नव्हतं.”

रंजना माझ्याकडे बघत होती, पण तिला राग आल्यासारखं दिसत नव्हतं. मला वाटलं, पकडली गेली.

तात्या काउंटरच्या मागून हळूहळू पुढे आले. “म्हंजे तुमी थोरल्या,” ते म्हणाले. “पुण्याच्या. पत्रांच्या.”

मी हो म्हटलं.

“मग हितंच तर लिवायचे की साहेब ती पत्रं. म्हंजे साहेब सांगायचे आनि ह्या लिवायच्या.” त्यांनी रंजनाकडे बोट केलं आणि मग भिंतीलगतच्या टेबलाकडे. “त्या तिथं. बल्बाखाली.”

“तात्या, ऱ्हाऊ दे,” रंजना म्हणाली.

पण तात्यांना वाटलं असावं की ते मला काहीतरी आनंदाचं सांगताहेत. त्यांनी फळीवरून काचेची नळी काढली, पंच्यानं पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर बारीक रेघा होत्या, आणि एका रेघेवर लाल रंगानं खूण. ती खूण मी ओळखली. आबा सगळ्या मापांवर तशीच खूण करायचे, माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीवरसुद्धा.

त्या पत्रांविषयी एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितलेली नाही. १९९३च्या सुमारास आबांचं अक्षर सुधारलं होतं. आधी ते थरथरतं, ओळ सोडून खाली घसरणारं होतं, आणि एकाएकी ठसठशीत झालं. मी उत्तरात कौतुक केलं होतं की या वयातही तुम्ही सराव सोडला नाही. त्यांनी आभार मानले होते. ते आभारही रंजनाच्या अक्षरात.

मी उठून वखारीत गेले आणि रव्यांना टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं हिरेमठ आले. त्यांनी माझा न प्यालेला ग्लास आणला होता, तो त्यांनी दोन बोटांनी लांब धरला होता. “अक्का,” ते म्हणाले, “मीही घरात थोरला आहे.” एवढंच बोलून त्यांनी ग्लास एका खोक्यावर ठेवला आणि बराच वेळ माझ्याशेजारी गुळाचा वास घेत उभे राहिले. मी तो ग्लास घेतला आणि संपवला. जिभेवर आधी गूळ आला, मग आलं, आणि शेवटी लिंबू, एक मिली जास्त. इतकं मोजूनमापून केलेलं पेय मी नऊ देशांत प्यायलेलं नाही.

कळंब्याच्या वाटेवर

तिसरी परमिट रूम एका रोपवाटिकेच्या मागे होती. कर्दळी आणि आंब्याच्या कलमांमधून वाट काढत जायचं, मग पत्र्याची शेड, आणि शेडच्या मागे कळंब्याचा तलाव. उजेड अजून पुरता गेला नव्हता. उसाच्या रसातलं काहीतरी तिथं मिळत होतं. मी ते घेतलं नाही. रंजनानं सगळ्यांना बसवून दिलं, ग्लास येईपर्यंत एक किस्सा सांगितला, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, “चल, पाणी बघू.”

आम्ही काठावर उभ्या राहिलो. तिनं सांगितलं की आबांना काचबिंदू झाला होता. कडेचं दिसेना, मग मधलंही कमी होत गेलं. आई तर आधीच गेलेली. शनिवारी बाहेर पडायची त्यांची सवय कारखान्यातल्या दिवसांपासूनची होती. आई होती तोवर आम्हा मुलींना त्याचा पत्ता लागू दिला नव्हता, इतकंच. अंधारात एकट्याला जाता येईना, तेव्हा त्यांनी रंजनाला सांगितलं. ती लूना घेऊन यायची, त्यांना मागे बसवायची आणि तात्यांकडे न्यायची. ते एक ग्लास प्यायचे, ही शेंगदाणे खात बसायची. कधी शाहूपुरीला, कधी इकडे. सहा वर्षं. या तिन्ही जागा आबांच्या होत्या. तिनं सहल म्हणून जे चालवलं होतं, तो आबांचा शनिवार होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“त्यांनीच बजावलं हुतं. तू त्यांना पुण्याला न्हेलं असतंस.”

“नेलंच असतं. उपचार केले असते.”

“त्येच की,” ती म्हणाली.

तलावावरून गार वारा यायला लागला होता. माझ्या मनात जे होतं ते विचारायला मला वेळ लागला. सहा वर्षं, दर शनिवारी, एका टेबलावर दोघं. मी म्हटलं, “माझ्याविषयी काय बोलायचे?”

रंजना लगेच बोलली नाही. ती खोटं बोलणार असती तर लगेच बोलली असती.

“खरं सांगू? फार न्हाय. पत्रापुरतं. आधी पत्र काढायचे, ते झाल्याबिगर ग्लास मागवायचे न्हाईत. एक शब्द चुकला तर आख्खं पान परत लिवायला लावायचे मला. म्हणायचे, विजू चूक काढंल. पाकीट चिकटवलं की हुश्श करायचे, आन मग म्हणायचे, तात्या, आण आता.” ती थांबली. “ते भ्यायचे तुला, आक्का.”

मी पहाटे पाचला उठून जे शिकले ते त्यांनीच शिकवलं होतं. चूक काढायलाही त्यांनीच शिकवलं होतं. हे मी रंजनाला म्हणाले नाही. मी काही वेगळंच म्हणाले, आणि ते ऐकून मला स्वतःलाच लाज वाटली. मी म्हणाले, “तुला बरं मिळालं सगळं.”

तेव्हा मात्र ती चिडली. “मला काय मिळालं? मी न्यायचो म्हणून मिळालं. माझा एक तरी फोटो हाय का भिंतीवर? मला त्यांनी एकदा तरी इचारलं का, रंजे, तुला काय व्हायचंय? मी तुझी पत्रं लिवत बसलो. ‘चिरंजीव विजयास अनेक आशीर्वाद’, सहा वर्षं, माझ्या हातानं. मला काय वाटलं आसंल?”

शेडमधून मुग्धा हाक मारत होती. रंजनानं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. दोन मिनिटांत तिचा आवाज पुन्हा चढला आणि सगळे हसायला लागले. मी काठावरून ऐकत होते. तिचं फार चांगलं चाललं होतं. माझा मत्सर काही गेला नव्हता. तो आता ठिकाण बदलून बसला होता, इतकंच. मघाशी मी तिच्या श्रोत्यांवर जळत होते, आणि आता एका टेबलावर आणि शेंगदाण्यांच्या बशीवर.

स्टँडपर्यंत

सकाळी तिनं भाकरी आणि खरडा बांधून दिला. पुण्यात लोक निघताना ‘पोचल्यावर फोन करा’ म्हणतात, आमच्याकडे डबा बांधतात. मी तिला विचारलं की हे सगळं लिहिलं तर चालेल का, आबांचं पिणंसुद्धा. ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली, “लिही. पण ह्ये मी सांगितलं म्हणून लिही.” मी कबूल केलं. वाचकांनी नोंद घ्यावी की या प्रवासात पाहिलेलं पुष्कळसं माझं नाही, ते रंजनाचं आहे.

ती मला स्कूटीवरून एसटी स्टँडला सोडायला निघाली. पिशवी पुढे तिच्या पायाशी, मी मागे. कोपऱ्यावर मी विचारलं की आबा मागे बसून काय करायचे, बोलायचे का.

“न्हाय. वासावरनं रस्ता ओळखायचे. मी वळलो की सांगायचे कुठं आलो ते. कधी चुकले न्हाईत.”

मी डोळे मिटले. या गावात माझी बावीस वर्षं गेली होती. गाडी वळली, कसला तरी भाजका वास आला आणि मी म्हणाले, “चुरमुऱ्याची भट्टी.”

“चहाची पत्ती,” रंजना म्हणाली. “दुकान हाय. फुडं?”

पुढच्या वळणावर मी कातडं म्हणाले, ते गुरांचं खाद्य निघालं. त्याच्या पुढच्या वळणावर मला काही म्हणजे काहीच वास आला नाही. रंजनाला हसू आवरत नव्हतं, तिची पाठ हलताना मला जाणवत होती. तिनं स्टँडचा रस्ता सोडून गाडी उगीचच आणखी एका गल्लीत घातली.

“हं,” ती म्हणाली. “आता सांग.”

मी डोळे उघडले नाहीत. तिच्या खांद्यावर हात ठेवला, नाक वर केलं आणि पुन्हा चुकले.